पाइपातली भाकरी

हृषीकेशनं उकळत्या पाण्याचं आणखी एक पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि पाणी खाली जायची वाट बघत तो उभा राहिला. पाणी काही गेलं नाही. वाफ तेवढी निघून गेली, जाताना चष्म्याच्या काचा धुरकट करून गेली, आणि त्या पुसून पाहिलं तर सिंकमधलं पांढरट पाणी काठाच्या आणखी जवळ आलं होतं. त्यानं जाळीतून बोट घालून पाहिलं. बोटाला काहीतरी मऊ, चिवट आणि गरम लागलं.

खरं तर काम साधं होतं. त्याची बायको निवेदिता दोन दिवसांसाठी माहेरी, मंगळवेढ्याला गेली होती आणि आज दुपारच्या एसटीनं परत येणार होती. जाताना तिनं एकच काम सांगितलं होतं. डब्यातलं ज्वारीचं पीठ जुनं झालं होतं आणि त्याची विरी गेली होती. विरी गेली की पीठ एकजीव होत नाही. भाकरी थापायला घ्यावी तर कडेनं चिरा पडतात आणि तव्यापर्यंत जाईस्तोवर तिचे तुकडे होतात. निवेदिताची आई मथुराबाई मुलीबरोबर नवं पीठ पाठवणार होत्या. तेव्हा जुनं पीठ गवळ्याकडे म्हशीसाठी द्यायचं आणि डबा धुऊन उन्हात ठेवायचा, एवढंच. गवळी काल आला, आजही आला. दोन्ही वेळा हृषीकेशच्या हातात मोबाइल होता आणि पिठाची आठवण झाली ती गवळ्याची फटफटी कोपऱ्यावरून वळल्यावर.

पीठ कचऱ्यात टाकणं त्याच्या जिवावर आलं. शिवाय ते बादलीत निवेदिताला दिसलं असतं. मग त्यानं विचार केला, आणि या माणसाच्या बाबतीत बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. पीठ पाण्यात विरघळतं, असा तो विचार होता. त्यानं डबा सिंकमध्ये उपडा केला आणि नळ सोडला. निम्मं पीठ गेलं, निम्मं अडलं. त्यावर त्यानं दुसरा विचार केला, की चिकट काहीही असो, गरम पाण्यानं सुटतं.

आता विरी गेलेल्या पिठाचं काय करतात, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. उकळतं पाणी घालून मळतात. उकळत्या पाण्यानं पिठाला पुन्हा चिकटपणा येतो आणि मोडकी भाकरी सरळ होते. हृषीकेश वैरागचा. भाकरीवरच वाढलेला. आईला पिठात आधणाचं पाणी घालताना त्यानं उभं आयुष्य पाहिलं होतं. पण हे त्याला आठवलं ते सगळं आधण ओतून झाल्यावर. परातीत जे पीठ एकत्र यायला तयार नव्हतं ते आता पाइपात चांगलं एकजीव होऊन बसलं होतं.

तुंबलेल्या सिंकला एवढं काय घाबरायचं, असं कुणालाही वाटेल. पण हृषीकेशच्या भीतीला कारण होतं. लग्न झाल्यापासून या जोडप्यानं सोलापुरात जेवढी घरं बदलली, ती सगळी हृषीकेशच्या दुरुस्तीपायी. एका घरात त्यानं गळका नळ आवळला तर भिंतीतला पाइप फुटला आणि खालच्या मालकाच्या सोफ्यावर पाऊस पडला. दुसऱ्या घरात पंख्याचं बटण नीट करायला गेला आणि अख्ख्या गल्लीची वीज घालवली. दर वेळी मालक हात जोडायचे आणि घर रिकामं करायला सांगायचे. जुळे सोलापुरातल्या या घरात आल्यावर निवेदितानं पहिल्याच दिवशी पाना, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर एका पिशवीत भरून भावाला देऊन टाकले होते.

हे घर तिला फार आवडलं होतं. ओट्यासमोर खिडकी होती, खिडकीत सकाळचं ऊन यायचं, आणि ती शिकवायची ती शाळा पायी जाण्याच्या अंतरावर होती. लग्नातल्या भेटींचा एक खोका तिनं आजवर कुठल्याच घरात उघडला नव्हता. पुन्हा बांधायचाच आहे तर उघडायचा कशाला, असं ती म्हणायची. तो खोका तिनं गेल्या महिन्यात उघडला. त्यातल्या कपबश्या फडताळात मांडून ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली होती, आणि ते बघून हृषीकेशला आतून भरून आलं होतं. आता हेही घर आपल्या हातानं घालवलं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

त्यात खाली मालक चनमल्लप्पा. अक्कलकोटकडचे, उंचपुरे, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे आणि मिशा अशा की कुरिअरवालासुद्धा दाराबाहेरूनच सही मागायचा. ते फारसं बोलत नसत. घराचा करार या महिनाअखेर संपत होता म्हणून हृषीकेशनं धीर करून दोनदा विषय काढला, तर दोन्ही वेळा ते आकाशाकडे बघत म्हणाले, "नोडोण." ऑफिसातल्या शरणबसवनं त्याचा अर्थ सांगितला होता: बघू. हृषीकेश कॉलेजच्या ऑफिसात कारकून होता. बघू या शब्दाचा अर्थ त्याला शरणबसवपेक्षा जास्त ठाऊक होता, कारण तो स्वतः रोज तो शब्द वापरायचा.

प्लंबरला फोन लावला तर तो गावी निघालेला. उद्या वेळ अमावस्या. या दिवशी आमच्या भागातली निम्मी माणसं शेतावर जेवायला जातात, आणि उरलेली त्यांच्याकडे आमंत्रणावरून जातात. तेव्हा परवाशिवाय कोणी येईल ही आशा नव्हती. मग हृषीकेशनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला हसरा माणूस म्हणाला की तुंबलेल्या पाइपात खायचा सोडा घालावा आणि वरून काहीतरी आंबट ओतावं. हृषीकेशनं सोड्याचं पाकीट रिकामं केलं आणि घरातली सगळी लिंबं पिळली. फस्स करून फेस आला. पण सोडा पडल्यावर पीठ काय करतं, ते ढोकळा खाणाऱ्याला सांगायला नको. जाळीतून एक पांढरा फुगा हळूहळू वर आला आणि तिथंच थांबला.

आता मागे फिरायला जागा नव्हती. तो ओट्याखालच्या कपाटात शिरला, सिंकखालचा वाकडा पाइप दोन्ही हातांनी पिळून सोडवला आणि सिंकमधलं सगळं पाणी स्वतःच्या मांडीवर घेतलं. पाइप स्वच्छ होता. पीठ त्याच्याही पुढे, भिंतीत जाणाऱ्या नळीत दडी मारून बसलं होतं. त्यानं झाडूची काठी आणली आणि नळीत घालून ढोसायला सुरुवात केली. ढोसलं, दम घेतला, पुन्हा ढोसलं. घामानं सदरा पाठीला चिकटला. मग एकदम काठी सुळकन आत गेली आणि भिंतीपलीकडे, खूप खाली, थप्प असा आवाज आला.

हृषीकेशचा जीव भांड्यात पडला. खात्री करून घ्यायला त्यानं बादलीभर पाणी थेट त्या नळीत ओतलं. ते गडगडत गेलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं आणखी एक बादली ओतली, आणि मग नुसत्या कौतुकानं आणखी एक. तो बादली खाली ठेवतोय तोच भिंतीतल्या नळीतून एक बाई बोलली.

"अय्यो शिवने, एन्री इदु?"

तो दचकून मागे सरला आणि त्याचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. मग त्याला उलगडलं. वरच्या आणि खालच्या स्वयंपाकघराचा पाइप एकच. पीठ उभ्या पाइपातून पार तळाच्या वळणावर जाऊन बसलं होतं, आणि आपण कौतुकानं ओतलेलं सगळं पाणी पुढे जायला वाट नाही म्हणून मालकांच्या सिंकमधून वर आलं होतं. आवाज मालकीणबाईंचा होता, नीलम्मांचा, आणि त्या 'हे काय' म्हणून विचारत होत्या. आणि उद्या वेळ अमावस्या म्हणून त्या सिंकशेजारी त्यांचा सणाचा स्वयंपाक मांडलेला असणार होता.

हृषीकेशनं श्वास रोखून नळीला कान लावला. नीलम्मा कन्नडमध्ये तावातावानं बोलत होत्या. चनमल्लप्पांचा आवाज अजिबात येत नव्हता, आणि ही शांतताच त्याला जास्त भयंकर वाटली. मिशांवरून हात फिरवत तो माणूस सगळं ऐकून घेतोय असं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. भाषा कळत नव्हती, पण अधूनमधून एखादा ओळखीचा शब्द यायचा आणि दर शब्दागणिक त्याला नवा घाम फुटायचा. हिट्टु म्हणजे पीठ, हे त्याला माहीत होतं. म्हणजे पीठ ओळखलं. म्यालिन मनी म्हणजे वरचं घर. म्हणजे कुणाचं तेही ओळखलं. मग नीलम्मांनी एक वाक्य सावकाश, एकेक शब्द तोडून, दोनदा उच्चारलं. त्यात मनी होतं, खाली होतं आणि शेवटी माडोऽऽण असा लांबलेला हेल होता.

तो कपाटातून रांगत बाहेर आला, चवड्यांवर चालत पार बाहेरच्या खोलीत गेला आणि शरणबसवला फोन लावला. शरणबसव शेतावर होता, रेंज तुटत होती. हृषीकेशनं हेल बाजूला काढला, मुद्द्याचं तेवढं ठेवलं आणि कुजबुजत विचारलं, "मनी खाली माडु, म्हणजे काय रे?"

"घर खाली कर," शरणबसव म्हणाला. "का, कोण म्हणालं?"

हृषीकेशनं फोन बंद केला आणि खुर्चीत बसला. समोर फडताळात त्या कपबश्या होत्या. त्यांच्याकडे त्याला बघवेना. जिन्यावर पावलं वाजायची तो वाट बघत होता आणि ती वाजू नयेत म्हणून देवाचा धावाही करत होता. तेवढ्यात फोन वाजला. निवेदिता होती. गाडी कामतीला आली होती, म्हणजे तासाभरात ती दारात.

"डबा वाळला का?" तिनं विचारलं.

"वाळला," तो कुजबुजला.

"असं काय बोलायलाव? घसा बसला का?"

"झोपलो होतो."

मग ती म्हणाली, "कशाला हात लावला नाही ना तुम्ही?" तो म्हणाला, छे. फोन ठेवल्यावर त्याला आपली भयंकर लाज वाटली. घर जाणार हे आता उघड होतं, पण ते तिला जिन्यात, हातात पिठाचं ओझं असताना, मालकांच्या तोंडून कळावं हे त्याच्यानं सोसवेना. काही झालं तरी ती येण्याआधी पाइप मोकळा करायचा, मग पाय धरायचे तर धरू, असं त्यानं ठरवलं.

घराच्या मागच्या बाजूला ड्रेनेजचं चेंबर होतं. तो काठी घेऊन अनवाणीच मागच्या जिन्यानं उतरला. नीलम्मांच्या स्वयंपाकघराची खिडकी आली तसा कमरेत वाकला आणि भिंतीच्या कडेकडेनं सरकत कोपऱ्यावर आला. कोपरा वळला आणि जागच्या जागी थिजला. चेंबरचं झाकण निघालेलं होतं. त्याच्या तोंडाशी, धोतराचा काचा मारून, खांद्यापर्यंत हात आत घालून चनमल्लप्पा पालथे पडले होते.

त्यांनी मान वर केली. एवढ्या मोठ्या मिशांमागचा चेहरा पार उतरला होता. ते उठून बसले आणि त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग हृषीकेशच्या भिजलेल्या पँटकडे.

"तुमच्या वर बी पाणी तुंबलं न्हवं, सर?" ते हळू आवाजात म्हणाले.

"थोडंसं," हृषीकेशच्या तोंडून निघून गेलं.

"मला वाटलंच. सकाळपास्नं तुमी काठी आपटायलाव, मला ऐकू यायलंय. चूक माझी हाय, सर. ही बाजारात गेलती. आंबील ढवळत ऱ्हावा म्हणली. माझा लागला डोळा, आंबील लागली बुडाला. हिला कळू नये म्हणून सगळी सिंकात ओतली की मी, आन ही यायच्या आत दुसरी शिजवली. ती ओतलेली आता समद्या पाइपात बसली."

आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची, ताकातली. चनमल्लप्पांनी त्याचा हात धरला. त्यांच्या हाताला चेंबरचा जो काही चिखल होता, तो आता दोघांच्या हाताला झाला.

"पण ह्याच्यासाठनं घर सोडून जाऊ नका. मॅडमला मी सांगतो काय सांगायचं ते. तुमी गेलाव तर मी मेलो म्हणून समजा."

मग त्यांनी भडाभडा सांगितलं. मुलगा बेंगळुरूला असतो. घर अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून खाली बघितलं की यांना चक्कर येते, आणि शेजारपाजारचं कुणी बोलत नाही. नीलम्मांना मात्र तिकडंच जायचं आहे, नातवंडांत राहायचं आहे. आधीचे दोन भाडेकरू ड्रेनेजच्या वासाला कंटाळून गेले तेव्हाच नीलम्मांनी बजावलं होतं की पुढचे भाडेकरू गेले की घराला कुलूप लावायचं आणि निघायचं. करार वाढवायला म्हणूनच हो म्हणता येत नव्हतं. घरात एकमत होईना.

"पण मगाशी काकूंनी घर खाली करायला सांगितलं," हृषीकेश म्हणाला. "मी ऐकलं, आप्पा. मनी खाली माडु."

"माडु न्हवं, माडोण," चनमल्लप्पा म्हणाले. "माडु म्हंजे तू कर. माडोण म्हंजे आपण करू. ती मला म्हणत हुती, पाइप गेला, आता वरचे काय ऱ्हात न्हाईत, आपणच घर खाली करू म्हणून. तासभर झालं, बोलायलीय."

हृषीकेशला वाटलं की आपण तिथंच, चेंबरशेजारी, आनंदानं बसावं. ज्या शेपटासाठी शरणबसवला विचारायचं ते शेपूटच त्यानं तोडलं होतं. पण समोर साठीचा माणूस स्वतःच्या नसलेल्या गुन्ह्यासाठी हात जोडून बसलेला, आणि ते त्याला बघवेना. गप्प राहिला असता तर घरही राहिलं असतं आणि उपकारही झाले असते. तरी तो बोलला.

"आप्पा, तुमची आंबील केव्हाच वाहून गेली असेल. तुंबलंय ते माझं पीठ आहे. मीच सिंकमध्ये टाकलं आणि वरून उकळतं पाणी ओतलं."

"उकळतं?" चनमल्लप्पांनी विचारलं.

"उकळतं. सोडा पण घातला."

चनमल्लप्पांच्या खांद्यांना हलकेच हिसके बसू लागले आणि मिशांआडून दबलेलं हसू फुटलं. इतक्या दिवसांत या माणसाला हसता येतं हे हृषीकेशला कळलं नव्हतं. हसू आवरल्यावर त्यांनी अडगळीतला जुना आकड्याचा गज आणला. एकानं काठीनं पीठ सैल केलं, दुसऱ्यानं गजाच्या आकड्यानं ओढलं. पाइपाच्या मापाचा, बाहेरून कडक आणि आतून लुसलुशीत असा एक गोळा बाहेर आला आणि मागोमाग अडलेलं पाणी भसाभस निघालं. दोघंही भिजले, पण दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

तेवढ्यात पुढच्या फाटकाशी रिक्षा थांबली. पाठोपाठ मागचं दारही उघडलं आणि नीलम्मा बाहेर आल्या. कडेवर पिठाचं गाठोडं घेऊन निवेदिता घराला वळसा घालून आली, तिनं नवऱ्याला पाहिलं, उघडं चेंबर पाहिलं, हातातली काठी पाहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. गाठोडं तेवढं तिनं घट्ट धरलं, आणि हृषीकेशला वाटलं की धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं.

चनमल्लप्पाच पुढे झाले. "मॅडम, तुमच्या सरांनी आज आमची अब्रू राखली की. आमच्या हितं पाइप तुंबला हुता, प्लंबर न्हाय काय न्हाय. स्वतः हात घालून मोकळा केला. असा माणूस मिळत न्हाय आजकाल. नवा करार ह्याच आठवड्यात करून टाकू."

निवेदितानं हृषीकेशकडे पाहिलं, मग चेंबरकडे. "यांनी?" ती म्हणाली. "आणि मोकळा झाला?"

"बघा की, पाणी कसं वाहायलंय."

तिनं वाकून खरंच पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते हृषीकेशनं लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्यांदा तो कपबश्यांचा खोका उघडताना आलं होतं. चनमल्लप्पांनी तिला आंबील चाखायला म्हणून आत नेलं, जाता जाता हृषीकेशला डोळ्यांनी वर जायची खूण केली. वर सिंकखालचा पाइप अजून सुटलेलाच होता.

तो निघणार तोच नीलम्मांनी जमिनीवरचा गोळा उचलला. त्या बुटक्या, गोऱ्या आणि कायम हसतमुख. आजवर हृषीकेशला या घरात त्यांची एकट्यांचीच भीती वाटली नव्हती. त्यांनी गोळा मोडला, बोटांनी चोळला, वास घेतला.

"ह्यांनी ओतलेली आंबील मला जळक्या पातेल्यावरनंच कळलीय, सर. पण आंबिलीला ताक असतंय. लसूण असतंय," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "हे नुसतं पीठ हाय, आन कडकडीत आधण. आमच्या ह्यांना मळायला येत न्हाय असं."

हृषीकेशनं काठी पाठीमागे लपवली. पण त्या रागावल्या नाहीत. कुणाला सांगणार असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याला नुसतं वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, बाजारात बैलजोडी बघावी तसं, आणि त्या आत निघून गेल्या.

संध्याकाळी निवेदितानं नव्या पिठाच्या भाकरी केल्या. भाकऱ्या टम्म फुगल्या. सिंकखालचा पाइप हृषीकेशनं सुतळीनं का होईना पण घट्ट बांधला होता आणि तो गळत नव्हता. मालक स्वतःहून करार म्हणाले, म्हणजे आता घराची काळजी मिटली, असं निवेदिता दोनदा म्हणाली. तुमच्यावर मी उगाच अविश्वास दाखवला, हेही म्हणाली. भाऊ आला की त्याच्याकडून ती पिशवी परत मागवू, असं म्हणाली तेव्हा मात्र हृषीकेशनं हातातला घास ताटात ठेवला. खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण ती इतकी आनंदात होती की उद्या सांगू म्हणून त्यानं ते ढकललं.

तेवढ्यात दार वाजलं. नीलम्मा होत्या. एका हातात झाकलेली ताटली, त्यात सणाची, भाज्या-डाळींची भज्जी. दुसऱ्या हातात मोठा, गंजलेला पाना.

"सर, आमची पाण्याची मोटर जरा आवाज करायली," त्या म्हणाल्या. "उद्या आमी शेतावर जाणार. तेवढ्यात बघून ठेवता का? ती झाली की वरच्या टाकीचा कॉक बी बघा. आन गिझर. काय घाई न्हाय. तुमच्या हाताला जसं येतंय तसं करा."

त्यांच्या मागे जिन्याच्या वळणावर चनमल्लप्पा उभे होते. ते दोन्ही हात जोडून 'नको, नको' अशी मान हलवत होते. हृषीकेशनं त्यांच्याकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि म्हणाला की मोटरीचं काम आपल्याला तितकंसं जमत नाही, त्यापेक्षा माणूस बोलवावा.

"असं काय करता?" निवेदिता मध्येच म्हणाली. "एवढ्या विश्वासानं त्या सांगायल्यात. यांचं काही ऐकू नका, काकू. उद्या सुटीच आहे, दिवसभर घरातच आहेत. करतील." आणि तिनं स्वतःच्या हातानं पाना घेऊन नवऱ्याच्या हातात दिला.

पाना भलताच जड होता. हृषीकेशनं तो दोन्ही हातांनी धरला. नीलम्मांनी ताटली ओट्यावर ठेवली, निवेदिताच्या गालावरून मायेनं हात फिरवला आणि जायला वळल्या. उंबऱ्याशी काहीतरी आठवल्यासारख्या थांबल्या.

"मुलाला आत्ताच फोन केलता," त्या हसून म्हणाल्या. "म्हणलं, आमची खोली झाडून ठेव. दोन दिवसांत कळवते."

आणि पदर सावरत, एकेक पायरी जपून, त्या खाली उतरल्या.